आमच्या घरातला रिंकचा कोपरा

आधीच सांगते, ज्यांना पटत नाही त्यांनी इथेच थांबावं. माझी काही हरकत नाही. एकोणऐंशी वर्षांची बाई आहे मी. या वयात खोट्या गोष्टी रचून कुणाच्या टाळ्या मिळवायच्या आहेत मला?

आणि रात्रबित्र काही नव्हती.

रविवारची दुपार होती. १९९९चा ऑक्टोबर. बाहेर लख्ख ऊन. ओव्हनमध्ये मांस शिजत होतं आणि शेजारचा व्हर्न अंगणातली पानं गोळा करत होता.

ठिकाण आमचं स्वतःचं घर. ओहायोमध्ये, स्टिलसन लेकच्या काठापासून चालत जाण्याइतकं जवळ.

त्या दुपारी माझा नवरा लेस्टर माझ्या डोळ्यांदेखत भिंतीत शिरला.

थांबा. आधी रिंकचं सांगते, नाहीतर तुम्हाला कशाचा कशाशी मेळ लागायचा नाही.

तळ्याच्या काठी तेव्हा मोठं पार्क होतं. लाकडी रोलर कोस्टर, घोड्यांचं चक्र, होड्या, आणि अगदी पाण्याला लागून स्केटिंगची रिंक. पायाला चाकं बांधायची आणि गोल गोल फिरायचं, दुसरं काही नाही. पण त्यासाठी क्लीव्हलंडहून बस भरभरून लोक यायचे. सगळी जमीन मेपलच्या लाकडाची. कोपऱ्यांवर फळ्या सरळ नव्हत्या, वळणाबरोबर वळवून बसवल्या होत्या. पाय घसरू नयेत म्हणून वर पांढरी पूड शिंपडायचे. माळ्यावर एक बाई ऑर्गन वाजवायच्या, आणि खाली मधोमध शिट्टी घेऊन मिस्टर ट्रिप उभे. बूट घालून कुणी त्या लाकडावर पाऊल टाकलं की शिट्टी वाजलीच! मग सगळ्यांसमोर पाणउतारा.

मी तिथे पॉपकॉर्न विकायचे. चाकं मात्र एकदाही पायाला बांधली नाहीत. पैसे मोजून पडायचं आणि वर हसून दाखवायचं, सांगितलंय कुणी!

लेस्टर त्या रिंकचा राजा होता.

आणि राणी होती नॅडीन कोसेक.

खोटं कशाला बोलू, देखणी होती. उंच, सडसडीत, आणि चालताना धांदरट असलेली ही पोरगी चाकांवर उभी राहिली की नुसती पाण्यासारखी वाहायची. दोघं वॉल्ट्झच्या नाचाला उतरले की बाकीचे कठड्याला टेकून बघत राहायचे. मीही बघायचे. माझे पॉपकॉर्न करपायचे.

१९६५च्या नोव्हेंबरात तळ्याच्या रस्त्यावर नॅडीनची गाडी घसरली आणि झाडावर आदळली. जागच्या जागी गेली बिचारी. एकोणीस वर्षांची होती.

त्यानंतर लेस्टरनं स्केट्सना हात लावला नाही. दोन वर्षांनी त्यानं मला मागणी घातली, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. मैत्रिणी म्हणाल्या, "आर्लीन, तू दुसऱ्या नंबरवर आहेस बरं का." मी म्हटलं, असेना. पहिला नंबर मातीखाली आहे, माझं काय वाकडं करणार?

असं बोलायला नको होतं का? असेल. पण मी बोलले.

पुढे लोकांना टीव्ही मिळाला, गाड्या मिळाल्या, रिंक ओस पडली. १९७४च्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्यानं तिचं छप्पर बसलं. मालकानं हात वर केले आणि जमीन उखडून विकायला काढली. काही फळ्या एका चर्चच्या तळघरात गेल्या, काही कुठल्याशा शाळेत, बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. उन्हाळ्यात बघावं तर तिथे नुसतं गवत. आज तुम्ही गेलात तर इथे रिंक होती हे शपथेवर सांगूनही तुम्हाला खरं वाटणार नाही.

एक कोपरा लेस्टरनं ट्रकमध्ये घालून घरी आणला. पुरा वळणाचा कोपरा.

"हे लाकूड कशाला?" मी विचारलं.

"असू दे गं. लागेल कधीतरी."

लागेल लागेल म्हणता म्हणता त्या फळ्यांनी माझं गॅरेज पंचवीस वर्षं अडवलं.

मग त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "धावपळ नाही, दगदग नाही. पुन्हा झटका आला तर आमच्या हातात काही राहणार नाही." त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. तो झोपला की मी त्याच्या श्वासाकडे कान लावून पडायचे. या माणसाशिवाय जगायचं कसं, हे मला खरंच माहीत नव्हतं.

नोकरी सुटलेली, घरात बसून बसून तो वेडापिसा झाला. म्हणून आम्ही स्वयंपाकघराला लागून मागे एक खोली काढली. तिची जमीन करायची वेळ आली तेव्हा त्यानं त्या फळ्या बाहेर काढल्या. काम सुतारानं केलं, हा नुसता उभा राहून कुठली फळी कुठे ते सांगत होता. रिंकमध्ये होतं अगदी तसंच वळण.

मला वाटलं, चला, गॅरेज मोकळं झालं.

दुसऱ्याच सोमवारी झाडायला गेले तर जमिनीवर काहीतरी पांढरं...

पिठासारखं. बारीक. वळणाच्या रेषेत पसरलेलं.

"लेस्टर! पीठ सांडलंस का रे इथे?"

"मी कशाला पिठाला हात लावू?"

तेही खरंच. या माणसाला पीठ कुठल्या डब्यात असतं तेसुद्धा ठाऊक नव्हतं. मी झाडून टाकलं.

पुढच्या सोमवारी पुन्हा होतं.

मग एका रविवारी दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत त्या खोलीत बसले होते. आणि...

घर्रर्र...

स्वयंपाकघराच्या भिंतीकडून आला आवाज. खोलीतून वळण घेत गेला. बागेकडच्या भिंतीपाशी संपला.

मग शांतता. चांगली लांब शांतता.

मग पुन्हा... स्वयंपाकघराच्या भिंतीकडून... घर्रर्र...

कुणी दिसत नव्हतं. पण तो आवाज माझ्या पायाशेजारून गेला, आणि माझ्या स्कर्टची किनार हलली.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. तिथे काही ऐकू येईना. बागेत गेले. तिथे चिटपाखरू नाही. खोलीत परत आले, तर आवाज होता. फक्त तिथे. फक्त त्या फळ्यांवर.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमच्याकडे रिंकचा एकच कोपरा होता. फिरणारी मात्र अख्ख्या रिंकवर फिरत होती. आमच्या घरात ती फक्त तेवढ्या वळणापुरती येत होती.

मागे वळले तर दारात लेस्टर.

"तुलाही येतं ऐकू?" त्याचा चेहरा खुलला होता.

"तुलाही म्हणजे? तू कधीपासून ऐकतोयस?"

"फळ्या बसवल्यापासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"तू उखडायला लावल्या असत्यास."

"आत्ता लावते! या क्षणी लावते!"

"नॅडीन आहे गं ती," तो म्हणाला. "डाव्या पायावर जरा जोर देते बघ. ऐक ना."

मी काय ऐकणार, कपाळ! खरं सांगू? भीतीपेक्षा राग जास्त होता. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ही बया सरळ माझ्या घरात? तेही माझा नवरा आजारी असताना?

"तिला म्हणावं, जिथे पुरलंय तिथे गप पडून राहा."

लेस्टर नुसता हसला. मला त्या हसण्याची जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी सुताराला फोन केला. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो, हातात दुसरं काम आहे. मी गयावया केली. त्यानं ऐकलं नाही.

मध्ये एक रविवार होता.

त्या दुपारी मी ओव्हन उघडून मांस शिजलं का ते बघत होते. लेस्टर पाणी प्यायला आला. माझ्याकडे पाठ करून नळाशी उभा राहिला.

त्याच्या निळ्या शर्टाच्या खांद्यावर...

तीन पांढरी बोटं उमटली होती.

माझ्या हातातला काटा खाली पडला. कारण पॉपकॉर्नच्या काउंटरवरून मी ते हजारदा पाहिलं होतं. रिंकमध्ये रोज दुपारी एक गाणं असायचं, लेडीज चॉइस. त्या गाण्याला बायकांनी पुरुष निवडायचा. बाई मागून यायची, त्याच्या खांद्यावर बोटं टेकवायची, बस्स. एरवी लाजणाऱ्या पोरीसुद्धा त्या गाण्याला धीट व्हायच्या.

आणि ज्याच्या खांद्यावर बोटं टेकली, त्याला नाही म्हणायची मुभा नव्हती. मिस्टर ट्रिपचा नियमच होता तो.

"लेस्टर, खांद्याला काय लागलंय तुझ्या?"

त्यानं वळून बघितलंही नाही. ग्लास ठेवला, कपाटातून जुने स्केट्स काढले आणि खुर्चीवर बसून नाड्या बांधायला लागला.

"डोकं फिरलंय का तुझं? हृदयाचं ऑपरेशन झालंय!"

"माहीत आहे."

"मरशील लेस्टर! कळतंय का?"

"नाही म्हणता येत नाही, आर्लीन."

"का नाही येत? तोंड दिलंय ना देवानं?"

"लेडीज चॉइस आहे," तो म्हणाला, जणू मीच वेडी. "तुला काय नियम माहीत नाही?"

मी त्याची कॉलर धरली. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, हळूच, न रागावता. मग उठला आणि त्या खोलीत गेला.

घर्रर्र...

आवाज आला तसा त्यानं हात पुढे केला. दुसरा हात कुणाच्या तरी कमरेला घातला. तिथे कुणी नव्हतं, पण त्याच्या हाताला वजन जाणवत होतं, ते मला दिसलं.

आणि तो निघाला.

खोली केवढीशी! दोन ढांगांत भिंत. मी किंचाळले. आता आदळणार...

आदळला नाही.

आधी पुढचा हात गेला. मग खांदा. मग पाठ. शेवटी मागच्या पायाचं चाक.

भिंत जशीच्या तशी. वर माझ्या आईचा फोटो टांगलेला, तोसुद्धा हलला नाही.

मी बागेत धावले. "व्हर्न! लेस्टर बाहेर आला का?"

"नाही बुवा," व्हर्न म्हणाला. "का? भांडलात वाटतं?"

परत आत. खोली रिकामी. कुठेच काही नाही. मला वाटलं, गेला. संपलं. त्या शांततेत मी त्याला जेवढ्या हाका मारल्या, तेवढ्या आयुष्यात कुणाला मारल्या नसतील.

मग स्वयंपाकघराच्या भिंतीकडून... चाकांचा आवाज.

दोन जोड्या.

लेस्टर भिंतीतून आला. चेहरा पांढराफटक, ओठ निळे, शर्ट घामानं चिंब. आणि हसत होता! श्वास शिट्टीसारखा वाजत होता त्याचा.

"थांब! लेस्टर, थांब!"

त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. पुन्हा भिंतीत गेला.

मी ठरवलं, आता आला की धरायचाच. तशीच, पायातल्या बुटांनिशी, फळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. तो आला. मी हात पसरले. आणि कुणीतरी माझ्या छातीवर पंजा ठेवून मला मागे लोटलं...

कानाशी शिट्टी वाजली. कर्कश्श.

मिस्टर ट्रिपना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

मी भिंतीशी पडले होते, आणि लेस्टर पुन्हा गेला होता. रडायला येत होतं. पण रडून चालणार नव्हतं, कारण प्रत्येक खेपेला त्याचा श्वास जास्त वाजत होता. मग मला आठवलं. लेडीज चॉइसमध्ये पुरुषाला नाही म्हणता येत नाही. पण दुसरी बाई येऊ शकते. ती पहिलीच्या खांद्यावर बोटं टेकवते, आणि पहिलीला जोडीदार सोडावा लागतो. मुकाट्यानं. तोही नियमच.

फक्त त्या बाईच्या पायाला चाकं हवीत.

आमची लेक ग्लेंडा लग्न करून टोलेडोला गेली होती, तिचे स्केट्स कपाटात पडून होते. मला घट्ट झाले. बोटं मुडपून कोंबले पाय. नाड्या बांधल्या. उभी राहायला गेले आणि आपटले. पुन्हा उठले. शेवटी गुडघ्यांवर रांगत फळ्यांपर्यंत गेले आणि भिंतीचा आधार घेत उभी राहिले.

या खेपेला कुणी ढकललं नाही.

घर्रर्र...

लेस्टर आला. त्याचे डोळे आता अर्धवट मिटले होते. त्याच्या शेजारी जिथे तिचा खांदा असायला हवा, तिथे मी हात टाकला आणि बोटं टेकवली.

हवेत हात जाईल असं वाटलं होतं.

नाही. खांदा होता. आणि गार नव्हता... गरम होता. नाचून घामेजलेल्या पोरीचा असतो तसा. स्वेटरच्या आत तो थरथरत होता.

"आता माझी पाळी," मी म्हटलं.

माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "थँक्स."

आणि लेस्टरचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं. आम्ही दोघं आडवे. माझं मनगट कडकन वाजलं.

अॅम्ब्युलन्स आली. पन्नाशी उलटलेला नवरा, पन्नाशी उलटलेली बायको, चिमुकली खोली आणि दोघांच्या पायात स्केट्स. तो अॅम्ब्युलन्सवाला आमच्याकडे बघतच राहिला.

"तुम्ही नक्की काय करत होता?"

"नाचत होतो," मी म्हटलं. "उचला लवकर."

लेस्टर वाचला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात बचावला. सुतार आला, त्यानं फळ्या उखडल्या आणि मी त्या मागच्या अंगणात जाळल्या. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातानं रॉकेल. लेस्टर खिडकीतून बघत होता.

त्यानंतर कधी आवाज आला नाही, पूडही नाही.

आणि मी? मी हवेत होते हो! नॅडीन कोसेकच्या तावडीतून नवरा परत आणला होता मी. नंबर एकच्या तावडीतून. मनगट पावसाळी हवेत ठणकायचं तेव्हासुद्धा बरं वाटायचं. फक्त ते "थँक्स" सलत राहायचं. मेलेल्या बाईनंसुद्धा जाता जाता टोमणा मारावा?

अकरा वर्षं मी ते मनात ठेवलं. मग एकदा जेवताना बोलून गेले. सूप होतं त्या दिवशी. हृदय तेव्हा पुरतं थकलं होतं त्याचं, दिवस थोडे राहिलेत हे दोघांनाही कळत होतं.

"तुझी ती नॅडीन मला काय म्हणाली ठाऊक आहे? थँक्स! कसली आगाऊ पोरगी."

लेस्टरचा चमचा थांबला.

"टोमणा नव्हता तो," तो म्हणाला.

"मग काय होतं?"

त्यानं चमचा खाली ठेवला.

"पहिल्याच फेरीला ती म्हणाली, झालं, आता सोड. घरी जा म्हणाली. तिला फक्त एकदा भेटायचं होतं. मीच हात सोडला नाही."

मला आधी कळलंच नाही.

"सोडला नाही म्हणजे?"

"धरून ठेवला. प्रत्येक फेरीला सोड म्हणत होती. शेवटी शेवटी रडत होती, आर्लीन. मी तरी नाही सोडला. तू आलीस म्हणून ती सुटली."

मी उठले. त्याचं ताट उचललं, माझं उचललं, सगळं सिंकमध्ये टाकलं. एक बशी फुटली. इतका संताप आला होता, की त्या दुखऱ्या मनगटानं त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. त्याला वाचवायला मी हाड मोडून घेतलं होतं. आणि ज्याला वाचवलं, त्याला यायचंच नव्हतं.

त्या रात्री आम्ही बोललो नाही. नंतर बोललो, पण या विषयावर नाही. तीन आठवड्यांनी लेस्टर झोपेतच गेला.

आता तुम्हाला वाटेल, फळ्या नसल्या तरी त्यानंतर त्या खोलीत दोन जोड्यांचा आवाज यायला लागला असेल. मलाही तेच वाटलं होतं. रविवारी दुपारी जाऊन बसायचे मी तिथे, जीव मुठीत धरून. आज इतकी वर्षं झाली, अजून बसते.

काहीच येत नाही.

तिनं तर तेव्हाच त्याला जा म्हटलं होतं. आणि माझ्याकडे यायचं असतं, तर एव्हाना आला असता.

मग लेस्टर कुठे आहे?

ग्लेंडा म्हणते, आई, घर विकून टाक, माझ्याकडे ये राहायला. मी अजून काही उत्तर दिलेलं नाही तिला.